एकसष्ट पॉइंट दोन तीन

पहाटे साडेचार. कोले मार्केटात भाजीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या माणसांना वाट देत देत जिम गाठायची. मी अकोल्याचा. बॉक्सिंगच्या जोरावर स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागलो आणि सियालदहलाच मुरलो. आज निघताना बायको दारातून म्हणाली, "अहो, सकाळची गोळी रक्त दिल्यावर." लिथियमची, म्हणजे मनाच्या आजारावरच्या माझ्या औषधाची, पातळी बघायची तर शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त काढतात. काल रात्री नऊला दोन घेतल्या, म्हणजे आज नऊला सुई.

पाच. पोरं दोरीवर. त्यातल्या एकाची शनिवारी प्रोफेशनल फाइट आहे, शुक्रवारी वजन. लाइटवेटची मर्यादा १३५ पौंड, म्हणजे ६१.२३ किलो. काट्यावर तो ६२.९ भरला. अंगात प्लास्टिकचा सूट, वर स्वेटर, जूनचा महिना. पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाला, "दादा, होये जाबे." होऊन जाईल. या वाक्यावर अर्धं कोलकाता चालतं.

मीही असाच वाळलोय. चोविसाव्या वर्षी, गोळ्या सुरू होऊन दोनच महिने झालेले, कुणाला न सांगता घाम काढत होतो. वजनाच्या दिवशी उलट्या, पाय लटपटत, जीभ जड. लोकांना वाटलं, पिऊन आलाय. मलाही तेच बरं वाटलं. दारुड्याला पुढची फाइट मिळते.

कारण साधं आहे, पण मला ते फार उशिरा कळलं. मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम यांतला फरक फारसा कळत नाही. अंगातलं मीठ-पाणी घटलं की ते मीठ धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, रक्तातला आकडा मात्र चढत जातो. साधारण ०.६ ते १ मध्ये औषध, १.५ च्या वर विष. आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळीही तो आकडा वाढवते, आणि ती तर प्रत्येक बॉक्सरच्या बॅगेत असते.

नऊ. लॅब. रक्त दिलं, गोळी घेतली, भांड्यातला चहा घेतला. इथं भांडं म्हणजे मातीचा कुल्हड. याच शहरात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, साध्या इस्पितळातला देशातला पहिला मानसोपचार विभाग उघडला. त्याआधी दोन वर्षं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेवर लेख लिहिला होता. वेडावर आणि रक्तदाबावर, दोन्हींवर ती मुळी चालते म्हणून. एवढं जुनं नातं, तरी लॅबच्या रांगेत मी कागद उलटा धरतो.

दहा ते पाच पार्सल ऑफिस. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

फक्त जेवताना शेजारच्या टेबलवाल्याने मोबाइलवर ऑलिव्हर मॅकॉल दाखवला. १९९७, लास वेगास, लेनॉक्स लुईससमोर रिंगमध्ये रडणारा. हात वर करायलाच तयार नाही. पाचव्या राउंडला रेफरीने थांबवलं. टेबलवाला हसत होता. मी डबा बंद केला. टायसन फ्युरीने २०१५ मध्ये क्लिच्कोला हरवलं, पुढच्या वर्षी नैराश्यात पट्टे सोडले, २०१८ मध्ये परत आला. फ्रँक ब्रुनोला २००३ मध्ये इस्पितळात ठेवावं लागलं. ही नावं सगळे सांगतात. पण तिघंही हेवीवेट, त्यांच्या वजनाला वरची मर्यादाच नाही. पाणी पिळून काढायची वेळ येते ती आमच्या साठ किलोवाल्यांवर, आणि त्यांची नावं कुठं छापून येतात?

सहा. परत जिम. पोरगं भिंतीला टेकून बसलेलं. तोंड ओलं व्हावं म्हणून चहाचा एक घोट घे म्हटलं. भांडं ओठापर्यंत गेलंच नाही. चहा मनगटावर, मनगटावरून मांडीवर. माझ्याही बोटांना बारीक थरथर असते, वीस वर्षांची सोबत. ही तशी नव्हती. ही जाडी होती.

"कोणती गोळी?"

"व्हिटामिन, दादा."

मी खिशातली माझी पट्टी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग बॅगेच्या तळातून, हँडरॅपच्या गुंडाळीतून, त्याची काढली. तेच नाव. दोन महिने झालेले. तिच्याबरोबर लघवीच्या गोळीचीही पट्टी निघाली. "डोपिंगमध्ये पकडतील म्हणून लपवली," म्हणाला. अरे, लिथियम डोपिंगच्या यादीत नाहीच. यादीत आहे ती लघवी करवणारी गोळी, जी तू वजनासाठी कालपासून घेतोयस! तीही लिथियम चढवणारी. हे त्याला कुणी सांगायचं होतं? मीच. विचारलंच नव्हतं.

त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. "आत्ताच इमर्जन्सीत न्या. पुढची गोळी देऊ नका." टॅक्सीत उलटी झाली. ड्रायव्हर काही बोलला नाही.

आठ. माझा रिपोर्ट मोबाइलवर आला: ०.७. त्याचं रक्त नुकतंच काढलं होतं, सलाइन सुरू होतं. सिस्टर फॉर्म भरत होत्या. नाव, वय. "ओजोन कोतो?" वजन किती?

"एकसष्ट पॉइंट दोन तीन," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"बासष्ट नऊ लिहा," मी म्हणालो. पण सकाळनंतर त्याला काट्यावर उभं केलंच नव्हतं. सिस्टरनी दोन्ही खोडलं आणि वॉर्डबॉयला काटा आणायला सांगितलं.

नऊ. माझ्या दोन गोळ्यांची वेळ. बाकावर बसून पट्टी फोडली. पाण्यासाठी बॅगेत हात घातला तर त्याचीच बाटली हाताला लागली. सील तसंच होतं.