दहा पाउंडांची स्प्रिंग

रेफ्रिजरेशनच्या परवाना परीक्षेत हमखास भेटणारा एक प्रश्न आहे: सक्शनचा दाब इतका, पाइपचं तापमान इतकं, तर सुपरहीट किती? वजाबाकी करायची, पर्यायावर खूण करायची, पुढे जायचं. पण जरा थांबा. हीच वजाबाकी मुठीत मावणारा एक पितळी व्हॉल्व्ह दिवसरात्र करत असतो. त्याला वीज लागत नाही, आत चिप नाही, मोटर नाही. मग करतो कशी?

आधी गॅसकडे पाहू. आर-१३४ए हा गॅस उघड्यावर उणे २६ अंशांनाच उकळतो. दाब वाढवला की उकळायचं तापमानही वर सरकतं. गेजवर २८ पाउंड दिसत असतील तेव्हा तो ० अंशाला उकळतो. आता टोमॅटो-काकडी ठेवायची एक थंड खोली घ्या, आतली हवा १० अंशांची. कंडेन्सरकडून ४० अंशांचा कोमट द्रव येतो, त्याच पितळी व्हॉल्व्हच्या, म्हणजे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या, बारीक छिद्रातून निसटतो आणि पलीकडे निघतो तो थेट ० अंशावर. वाटेत त्याची उष्णता काढून घेणारं कुणीही नाही! गेली कुठे ती? छिद्रातून निघताच दाब कोसळतो, पाव हिश्शाहून थोडा जास्त द्रव तिथल्या तिथे वाफ होतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या द्रवातूनच उचलतो.

हा उरलेला द्रव खोलीतल्या कॉईलमध्ये उकळत पुढे सरकतो. एक किलो द्रवाची वाफ होताना सुमारे १९८ किलोज्यूल उष्णता खोलीतून ओढली जाते, तरी उकळणं चालू असेपर्यंत तापमान ० वरून हलत नाही. शेवटचा थेंब संपला की मात्र कोरडी वाफ तापू लागते. कॉईलच्या बाहेरच्या तोंडाशी ती ६ अंशांची झाली असेल, तर ते वरचे ६ अंश म्हणजे सुपरहीट.

या ६ अंशांत खोलीला थंडावा किती मिळाला? किलोमागे जेमतेम साडेपाच किलोज्यूल. शिवाय कोरड्या वाफेला नळीच्या भिंतीतून उष्णता घेणं फार जड जातं, म्हणजे एवढ्याशा कमाईसाठी कॉईलची बरीच लांबी खर्ची पडते. मग सुपरहीट शून्यच का ठेवू नये? कारण पुढे कॉम्प्रेसर बसला आहे. वाफ दाबता येते, द्रव दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये द्रव शिरला तर आतल्या पट्ट्या तुटतात, तेल धुऊन निघतं, बेअरिंग घासतात. बरं, उलट टोकाला जाऊन सुपरहीट भरपूर ठेवावी, तर कॉईल अर्धी उपाशी राहते. आणि हर्मेटिक कॉम्प्रेसरची मोटर याच परतणाऱ्या वाफेने गार होत असते, तीही तापते. हवा आहे तो मधला अरुंद पट्टा.

तो पट्टा सांभाळणारी युक्ती मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत देखणी वाटते. कॉईलमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला एक छोटा बल्ब घट्ट बांधलेला असतो. साध्या प्रकारात त्याच्या आत तोच गॅस भरलेला, तोच आर-१३४ए! बारीक नळीने हा बल्ब व्हॉल्व्हच्या डोक्यातल्या धातूच्या पातळ पडद्याशी जोडलेला. पडदा म्हणजे तराजूच. वरून बल्बचा दाब छिद्र उघडू पाहतो, खालून कॉईलचा दाब ते बंद करू पाहतो. समजा सुपरहीट शून्य आहे: बल्बही ० अंशावर, म्हणजे वर २८ पाउंड आणि खालीही २८. गॅस एकच, तापमान एकच, म्हणून दाबही एकच. दोन्ही पारडी कटली. खालच्या पारड्यात आता एक स्प्रिंग टाका, १० पाउंडांच्या जोराची. छिद्र उघडायला वरून ३८ लागतील. आणि आर-१३४ए ३८ पाउंड कधी देतो? ६ अंशांना!

वजाबाकी झाली. कोल्ड रूमचं तापमान पुढेमागे झालं, कॉईलचा दाब थोडा हलला, तरी वरचं-खालचं एकमेकांत कटत राहतं आणि शिल्लक राहते ती स्प्रिंग. डेन्मार्कमध्ये मॅड्स क्लाउसेन यांनी १९३३ साली आईवडिलांच्या शेतावरच्या घरात कारखाना काढला तो अशाच व्हॉल्व्हच्या जोरावर. आजची डॅनफॉस कंपनी तीच.

एवढं कळलं की पाठांतर संपतं. स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला तर सुपरहीट वाढते की कमी होते? स्प्रिंग आवळली, बल्बला जास्त तापावं लागणार: वाढते. खोली आणखी थंड हवी म्हणून हा स्क्रू फिरवावा का? मुळीच नाही, ते काम थर्मोस्टॅटचं. फिरवायचाच तर पाव फेरा, आणि मग पंधरा-वीस मिनिटं हात आवरायचा. छिद्रात झालेला बदल पूर्ण कॉईल ओलांडून बल्बपर्यंत पोचायला वेळ लागतो. सुपरहीट फार कमी ठेवली तर याच उशिरामुळे व्हॉल्व्ह कधी जास्त उघडतो, कधी जास्त मिटतो आणि गेजचा काटा झोके घेत राहतो. बल्ब आडव्या पाइपच्या बुडाशी बांधू नये, हाही नियम असाच सहज उलगडतो: तळाशी तेल वाहतं, वाफेचं खरं तापमान कळत नाही.

आता परीक्षेतला अवघड प्रश्न. कॉईल लांब आहे. आत शिरताना दाब २८ पाउंड, बाहेर पडताना २३. साधा व्हॉल्व्ह पडद्याखाली आत शिरतानाचाच दाब धरतो: २८ आणि १०, म्हणजे ३८. बल्ब ६ अंशांवर गेल्याशिवाय छिद्र उघडत नाही. पण बाहेरच्या टोकाला २३ पाउंडांना गॅस उणे ३ अंशांच्या आसपास उकळतो. खरी सुपरहीट ९ झाली, स्क्रूला कुणी हातही न लावता! उपाय म्हणजे एक्स्टर्नल इक्वलायझर: बल्बच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या बाजूला सक्शन लाइनवर बसवलेली एक नळी, जी तिथला दाब थेट पडद्याखाली आणते. मग मांडा हिशेब. २३ आणि १०, म्हणजे ३३. बल्बमध्ये ३३ पाउंड साधारण ३ अंशांना होतात. उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत: पुन्हा ६.