सोळा पानांतला श्याम

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याआधी अंमळनेरला शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. त्यांच्या पुस्तकाचं चित्रपुस्तक वर्गातच, हातानेच व्हावं, हे मला फार योग्य वाटतं.

भंडारा जिल्ह्यातल्या पाचवीच्या वर्गाने हे काम घेतलं, तर पहिली पायरी वगळण्याची. मूळ पुस्तकातल्या ४२ रात्री सोळा पानांत मावत नाहीत. एकच रात्र घ्यावी. मी ‘श्यामचे पोहणे’ घेईन. पाण्याला भिणारा श्याम माळ्यावर लपतो, आई त्याला शिंपटीने मारून विहिरीवर पाठवते, नंतर वळ पाहून तिचेच डोळे भरतात. शिक्षकांनी प्रकरण दोनदा वाचून दाखवावं, मग पुस्तक मिटून मुलांना सांगायला लावावं. मुलांना जे आठवतं, त्यातूनच पानं ठरतात.

हा तलावांचा जिल्हा. मामा (माजी मालगुजारी) तलावात, बोडीत म्हणजे छोट्या तळ्यात डुंबलेली पोरं प्रत्येक वर्गात असतात. ती म्हणतील, ‘सर, श्यामले बोडीवर नेऊ.’ इथे शिक्षकांनी थांबवावं. बोडीत पाय टेकवत टेकवत उतरता येतं. विहिरीचा काठ सुटला की पायाखाली काहीच नाही. श्यामची सगळी भीती त्या क्षणात आहे. विहीर मूळ गोष्टीतली, कोकणातलीच राहू द्यावी. संवाद मात्र मुलांच्या झाडीबोलीत येऊ द्यावेत. ‘ण’चा ‘न’ झाला म्हणून लाल रेघ ओढू नये.

आता चित्र आणि शब्द. चित्रात दिसतं तेच खाली लिहिलं, तर दोन्ही वाया जातात. ‘श्याम माळ्यावर लपला’ असं लिहून माळाच काढू नये. ‘श्याम कुठे दिसेना’ एवढंच लिहावं, आणि चित्रात अंगणात हाका मारणारे मित्र, वर माळ्याच्या कडेला पायाची दोन बोटं. वाचणारं मूल ती स्वतः शोधेल.

शिंपटी गाळा, असं कुणी सुचवेल. मी गाळणार नाही. मारणं बरोबर होतं का, यावर मुलांना भांडू द्यावं, निकाल शिक्षकांनी देऊ नये. मात्र उगारलेल्या हातापेक्षा वळ आणि आईचा चेहरा काढायला सांगावं. चित्रासाठी तोच क्षण अधिक भरलेला आहे.

पुस्तक बांधायला ए-फोरचे चार कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडावेत. सोळा पानं होतात. दुमडलेल्या अवस्थेतच पेन्सिलीने आकडे घालावेत आणि मग कागद सुटे करावेत. एका बाजूला शेजारी आलेल्या आकड्यांची बेरीज नेहमी सतरा भरते: १ आणि १६, २ आणि १५. बेरीज चुकली, तर पानं उलटसुलट होणार. ८ आणि ९ ही मधली पानं एकाच कागदावर सलग येतात, म्हणून विहिरीचं मोठं चित्र तिथे काढावं: वरून खाली पाहिलेलं, काळं पाणी, काठावर उघडा श्याम. शेवटी घडीवर तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवावं.

मुखपृष्ठावर आधी साने गुरुजींचं नाव, खाली वर्गाचं. गुरुजी १९५० साली गेले; कायद्यातली साठ वर्षं संपून त्यांचं लेखन २०११पासून सर्वांना खुलं आहे. त्यामुळे प्रत्येक घरी झेरॉक्स प्रत देता येते. त्यासाठी शिवण्याआधीच झेरॉक्स काढावी, आणि रेघा काळ्या पेनाने ओढलेल्या असाव्यात. पेन्सिलीची फिकी रेघ झेरॉक्समध्ये नीट उमटत नाही.