अळीच्या अंगरख्यातलं प्लॅस्टिक

प्लॅस्टिकचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. कासव, देवमासा, किनाऱ्यावरचा कचरा. ओढ्यातल्या दगडाखाली राहणारी बोटाच्या पेराएवढी अळी कुणाला आठवत नाही. पण या बाबतीतला एक फार जुना पुरावा तिच्याच अंगावर सापडला आहे.

ही अळी कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची. युरोपपासून सह्याद्रीपर्यंत वाहत्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात ती आढळते. तिचं शरीर मऊ, माशांना आयतंच खाद्य. म्हणून ती अंगाभोवती नळीसारखं कवच विणते. ओठापाशी निघणारा रेशमाचा धागा पाण्यातही चिकटतो. त्या धाग्यानं ती वाळूचे कण, काटक्या, पानांचे तुकडे एकेक करून जोडत जाते. पुढच्या पायांत कण धरून ती फिरवून बघते, बसत नसेल तर टाकून देते. कवच अंगरख्यासारखं घालूनच ती वावरते. युबेर द्युप्रा या फ्रेंच कलावंतानं 1980च्या दशकात या अळ्यांसमोर सोन्याचे कण आणि मोती ठेवले, तर त्यांनी सोन्यामोत्यांची कवचं बांधली! अळीला सोन्याचं कौतुक नाही. मापात बसेल ते चालतं.

प्लॅस्टिकही चालतं. नेदरलँड्समधल्या लायडेनच्या नॅचरॅलिस संग्रहालयात या कवचांचा जुना साठा आहे. तिथल्या संशोधकांनी त्यातली 549 कवचं तपासली आणि 2025 मध्ये निष्कर्ष छापले. 1986च्या एका कवचात पिवळे कण होते, 1971च्या एका कवचात निळे. प्लॅस्टिकमध्ये मिसळल्या जाणाऱ्या टायटॅनियम, जस्त, शिसं अशा मूलद्रव्यांच्या खुणाही मिळाल्या. ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द रिचर्ड थॉम्पसन यांच्या 2004च्या शोधनिबंधानंतर रूढ झाला. म्हणजे नाव चर्चेत येण्याच्या तेहतीस वर्षं आधी ही वस्तू ओढ्यात पोचली होती. नमुने गोळा करणाऱ्यांच्या ते गावीही नव्हतं. संग्रहालयातल्या जुन्या खोक्यांना अडगळ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

अशा कवचानं बिघडतं काय? जर्मनीत लेपिडोस्टोमा बेसाले या जातीच्या अळ्यांना वाळूबरोबर पीव्हीसी आणि पेट प्लॅस्टिकचे कण दिले गेले. वाळू हाताशी असूनही त्यांनी प्लॅस्टिक वापरलं, आणि ती कवचं कमी ताकदीनं चेपली गेली. दुसरी अडचण वजनाची. ही दोन्ही प्लॅस्टिकं पाण्यात बुडतात खरी, पण त्यांची घनता वाळूच्या जेमतेम निम्मी. प्रवाहात पाय रोवून राहायचं तर कवचाला वजन हवं. शिवाय रंगीत कण तळाच्या करड्या खड्यांत उठून दिसतात, आणि मासा नजरेनं शिकार करतो.

कण पोटातही जातात. दक्षिण वेल्समधल्या नद्यांत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या वरच्या आणि खालच्या अंगाला मेफ्लाय व कॅडिसफ्लायच्या अळ्या तपासल्या, तेव्हा सुमारे निम्म्या नमुन्यांत प्लॅस्टिक निघालं, आणि तेही सर्व ठिकाणी. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारी अळी असो की पाण्यात जाळं लावून वाहतं अन्न धरणारी, खाण्याच्या पद्धतीनं फारसा फरक पडला नाही.

आता डास. त्याची अळी पाण्यातली, प्रौढ हवेतला. मधल्या कोषात तो काही खात नाही आणि आतली बरीचशी रचना मोडून नव्यानं घडते. मग अळीनं गिळलेलं प्लॅस्टिक कोषातच टाकलं जायला हवं. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात 2018 मध्ये क्युलेक्स पिपियन्सच्या अळ्यांना चमकणारे सूक्ष्म मणी खाऊ घातले. पंधरा मायक्रॉनचे मणी बहुतेक मागे राहिले, पण दोन मायक्रॉनचे काही मणी उडणाऱ्या डासातही मिळाले, मालपीघियन नलिकांमध्ये. या नलिका कीटकाच्या मूत्रपिंडाचं काम करतात आणि रूपांतरात फारशा बदलत नाहीत. मणी तिथे टिकून राहिले. आपल्या गटारांत वाढणारा क्युलेक्स याच डासाचा जवळचा नातलग. डासांना वटवाघळं खातात, पाकोळ्या खातात, कोळी खातात. म्हणजे पाण्यातलं प्लॅस्टिक पंख लावून जमिनीवरच्या अन्नसाखळीत शिरू शकतं.

‘शकतं’ म्हणायचं कारण, प्रयोगशाळेतले मणी गोल, एका मापाचे आणि नदीत असतात त्याहून बरेच दाट. निसर्गातला पुरावा हवा तर पुन्हा वेल्सला जावं लागतं. तिथे डिपर नावाचा छोटा पक्षी थेट वाहत्या पाण्यात बुडी मारून तळाच्या अळ्या टिपतो. 2020 मध्ये छापलेल्या अभ्यासात त्याच्या उलटीतल्या गोळ्या आणि विष्ठा तपासली. अंदाज निघाला, एक डिपर दिवसाला सुमारे दोनशे कण गिळत असावा, आणि पिलांना भरवलेल्या अळ्यांतूनही ते जात होते. शहराजवळच्या नद्यांवर प्रमाण जास्त होतं. कणांत बहुतेक धागे होते, कापडातून किंवा बांधकामाच्या साहित्यातून सुटलेले.