थंडीतली रात्रीची एस.टी. आणि आपली घाई

मालेगावहून कापडाचे नमुने घेऊन मुंबईला निघायचे, तर आम्ही व्यापारी मंडळी बहुधा रात्रीची एस.टी. धरतो. धंद्याचा दिवस बुडत नाही, लॉजचे भाडेही वाचते. पण डिसेंबर-जानेवारीत हा हिशेब महागात पडू शकतो. राहूड घाट, पुढे निफाडकडचा बागायती पट्टा, मग कसारा घाट. पहाटे कुठे धुके गाठील, सांगता येत नाही.

धुक्यात मोठा लाईट लावला की उजेड उलटून ड्रायव्हरच्याच डोळ्यांवर येतो. लाईट खाली, वेग कमी, हाच इलाज. वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. दवाने ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

आम्ही कबूल करतो, एकदा आम्हीही ‘मास्तर, मार्केट उघडेल, जरा लवकर!’ असा तगादा लावला होता. ड्रायव्हरने गाडी धाब्यावर घेतली, तोंड धुतले, चहा घेतला. तेव्हा आम्हाला रागच आला. पण मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यात सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितलेली होती. तो त्याचा हक्क होता, आणि जीव तर आपलाच वाचतो.

2021 च्या नोव्हेंबरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत हेच कर्मचारी संपावर होते, तेव्हा त्यांच्यावाचून आपले किती अडते ते कळले होते.

आता हिवाळ्यात मुंबईच्या पार्टीला आम्ही सकाळची नव्हे, दुपारची वेळ देतो.