ट्रॅकवरील वेगस्पर्धा आणि मयूरी लुटे यांची कारकीर्द

अँटॉप हिल, दादर किंवा परळ येथील वाचकास सायकलची शर्यत म्हटली म्हणजे मुंबई-पुणे शर्यतच प्रथम आठवावी हे स्वाभाविक आहे. 1945 साली सुरू झालेल्या या शर्यतीने बोरघाटाची चढण हीच सायकलपटूची कसोटी होय, असा समज आपल्याकडे दृढ केला. ट्रॅकवरील वेगस्पर्धा मात्र याहून मूलतः भिन्न आहे. तिच्यात चिकाटीपेक्षा क्षणिक शक्तीला महत्त्व असते, आणि तिचा निकाल सेकंदाच्या शतांशावर, क्वचित सहस्रांशावरही, लागतो. भंडारा जिल्ह्यातून पुढे आलेल्या मयूरी लुटे यांच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रकाराचे स्वरूप व त्याचे एक मर्म स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या स्पर्धेतील सायकलीस ब्रेक नसतो. तिचे मागील चाक दंतचक्राशी पक्के जखडलेले असल्यामुळे पाय थांबविणे शक्य नसते. ट्रॅक 250 मीटर परिघाचा, शक्यतो लाकडी व छताखालील असतो. 500 मीटरच्या कालमापन शर्यतीत स्पर्धक एकटीच, स्थिर अवस्थेतून निघून, दोन फेऱ्या पुरी करते. जून 2022 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात झालेल्या आशियाई ट्रॅक अजिंक्यपद स्पर्धेत श्रीमती लुटे यांनी हे अंतर 36.481 सेकंदांत कापून कांस्यपदक मिळविले. त्यांचा सरासरी वेग ताशी 49.34 किलोमीटर होता.

हा वेग सेकंदास 13.7 मीटर इतका येतो. वळणाची त्रिज्या 22 मीटर धरली, तर वेगाच्या वर्गास त्रिज्या व गुरुत्वीय प्रवेग यांच्या गुणाकाराने भागून येणारी संख्या सुमारे 0.87 आहे. म्हणजेच तोल राखण्यासाठी स्पर्धकास उभ्या रेषेपासून सुमारे 41 अंश झुकावे लागते. अशा ट्रॅकच्या वळणाचा उतार 42 अंशांच्या आसपास ठेवण्याचे कारण यातच आहे. उतार आणि झुकाव जुळले म्हणजे चाक पृष्ठभागावर जवळजवळ काटकोनात टेकते व घसरण्याचे भय उरत नाही. पुण्यास बालेवाडी येथे 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेला व्हेलोड्रोम उघडा व काँक्रीटचा आहे. उघड्या ट्रॅकवर वारा व पाऊस यांचा अडथळा होतो, आणि काँक्रीटवर चाकास लाकडाइतका गुळगुळीत पृष्ठभाग मिळत नाही. त्यामुळे तेथील सराव लाकडी ट्रॅकवरील सरावाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

त्याच वर्षीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सायकलिंग लंडन येथील ट्रॅकवर झाले. तेथे श्रीमती लुटे यांना याच अंतरास 36.868 सेकंद लागले व त्या 18 व्या आल्या. विजेत्या ऑस्ट्रेलियन क्रिस्टिना क्लोनन यांची वेळ 33 सेकंदांहून थोडी अधिक होती. साडेतीन सेकंदांचा फरक ऐकावयास लहान वाटतो, परंतु श्रीमती लुटे यांच्या गतीने पाहता तो सुमारे 47 मीटरांचा, म्हणजे एका फेरीच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाचा होय. सांघिक वेगस्पर्धेत त्यांच्यासमवेत महाराष्ट्राच्याच सुशिकला आगाशे आणि बंगालच्या त्रियाशा पाल होत्या.

हे अंतर केवळ व्यक्तीच्या सामर्थ्याने मोजणे न्याय्य ठरणार नाही. नेदरलँड्सचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील शान ब्रास्पेनिंक्स यांनी 2015 साली जागतिक स्पर्धेत केरिन या प्रकारात रौप्यपदक मिळविले. त्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तरीही 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. 2016 साली रिओ येथे हेच पदक त्यांच्या देशभगिनी एलिस लिग्टले यांनी जिंकले होते. त्या लहानशा देशात आपेल्डोर्न येथे 2008 पासून छताखालील लाकडी ट्रॅक आहे. दीर्घ आजारानंतर परत येणाऱ्या खेळाडूस घराजवळ सरावाची सोय असणे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

आपल्याकडे स्थिती निराळी आहे. 2022 च्या गुजरात येथील आणि 2023 च्या गोव्यातील राष्ट्रीय स्पर्धांचे यजमानपद त्या त्या राज्यांकडे असूनही ट्रॅक सायकलिंग दिल्लीसच भरवावे लागले. भंडाऱ्याच्या मुलीस अशा ट्रॅकवर सराव करावयाचा, तर घर सोडून हजार किलोमीटर दूर जाणे प्राप्त होते. उत्तराखंडाने 2025 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी रुद्रपूर येथे व्हेलोड्रोम उभारला. शिवाय 2025 पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने स्त्रियांची 500 मीटरची शर्यत एक किलोमीटरची केली आहे. दोन फेऱ्यांऐवजी चार फेऱ्या करावयाच्या म्हणजे सरावाची गरज अधिकच वाढली. महाराष्ट्राने दोन वेगपटू एकाच जिल्ह्यातून दिल्या. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींसाठी राज्यातच योग्य ट्रॅक असावा की नाही, हा प्रश्न आता क्रीडाप्रेमापुरता नसून नियोजनाचा आहे.