मंडईतला ढीग

पुण्याच्या महात्मा फुले मंडईसमोर सकाळी साडेसातला स्टूल टाकून बसलं, की पहिला घोळ मनोऱ्याशीच होतो. तो अष्टकोनी आहे हे डोक्यात असतं, म्हणून हात बाजू वाढवत सुटतो. दिसतात मात्र तीन, फार तर चौथीची कड. १८८६ मध्ये ही मंडई गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं उघडली. तिच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीरावांनी विरोध केला होता, आणि पुढे नाव लागलं ते त्यांचंच.

पेन्सिल मी घेत नाही. खोडायची सोय नसली की रेघ ओढण्याआधी दोनदा बघणं होतं. शाईनं मात्र बरंच शिकवलं. सुरुवातीला पेनात शाळेचीच निळी शाई होती. वर ओला ब्रश फिरवला आणि अख्खा मनोरा निळा ओघळला. मग वॉटरप्रूफ म्हणून ड्रॉइंग इंक भरली, तर तिच्यातल्या लाखेनं पेनच चोंदलं. आता पिगमेंटची शाई वापरतो, आणि तीही मिनिटभर वाळू देतो.

काळ्या दगडाला काळा रंग लावला की भिंत मेलीच. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळायचा. निळ्याचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा पोत आपसूक येतो, फक्त पुन्हा ब्रश फिरवायचा मोह आवरावा लागतो. मला तो अजून आवरत नाही.

अर्बन स्केचर्स ही चळवळ सिएटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये सुरू केली. जागेवर बसून, बघून काढायचं, हा तिचा पहिला दंडक. त्याचा अर्थ मला टोमॅटोच्या ढिगानं समजावला. तळाची रांग काढली तेव्हा ढीग भरगच्च होता. शेंड्यापर्यंत पोचलो तर शेंडा विकला गेलेला! शेवटी आठवणीनं चार टोमॅटो वर ठेवले.

स्टुलावर बसल्यामुळे उभ्या गिऱ्हाइकांची डोकी माझ्या नजरेच्या वर जातात. पाटावर बसलेल्या भाजीवाल्या मावशींचे डोळे तेवढे माझ्या रेषेत. त्यांनी तागडी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि वही मागून घेतली.

“एवढा माल कुठाय आता? सकाळचा काढलाय होय!” मग जरा निरखून, “आन् मला तोंडच नाय?”

“मावशी, तुम्ही सारख्या हलता.”

“मग काय, धंदा सोडून बसू?”