स्केटबोर्ड घेताना आधी रस्ता पाहा

सहा-सात वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने स्केटबोर्ड मागितला की घरात ठरलेला गोंधळ होतो. आजोबांना वाटतं, पायात बांधायचे चाकांचे स्केट्स हवे आहेत. बाबा मोबाइल काढतात आणि सगळ्यांत भडक चित्र असलेला बोर्ड मागवून मोकळे होतात. चार दिवसांनी तो खोक्यातून निघतो, पोरगं त्यावर उभं राहतं, बोर्ड वळत नाही, अंगणातल्या खड्यावर अडकतो आणि मग आयुष्यभर सोफ्याखाली जातो. हे झालं तर बरंच म्हणायचं. मनगट मोडलं तर सुट्टी प्लास्टरमध्ये जाते.

आपल्यापैकी बरीच कुटुंबं आता नागपूर, भोपाळ, पुणे, बेंगळुरूला आहेत आणि मुलं सुट्टीत लोधीखेड्याला, सौसरला, पांढुर्ण्याला येतात. म्हणजे बोर्ड एक आणि जमिनी दोन. शहरातल्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक किंवा गुळगुळीत पार्किंग, आणि गावी सिमेंटचा रस्ता, मध्ये मध्ये सांधे, कडेला गिट्टी, त्यावर सोयाबीनचा नाहीतर मक्याचा भुसा. बोर्ड निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, किमतीचाही नाही. तो चालणार कुठे, हा आहे.

चाकं या प्रश्नाचं उत्तर देतात. स्केटबोर्डची चाकं पॉलियुरेथेनची असतात आणि त्यांच्यावर दोन आकडे छापलेले असतात. एक व्यास, मिलिमीटरमध्ये, आणि दुसरा कडकपणा, ज्याच्या पुढे ‘ए’ असतो. ९९ए किंवा १०१ए म्हणजे दगडासारखं कडक चाक. स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटवर ते उत्तम, पण गावच्या रस्त्यावर त्याचा कडकडाट दातांपर्यंत जातो आणि हरभऱ्याएवढा खडा आला तरी ते थांबतं. बोर्ड थांबतो, मूल थांबत नाही. ७८ए ते ८५एच्या आसपासचं मऊ चाक असा खडा जिरवून पुढे जातं. व्यास ५४ ते ५८ मिलिमीटर असला तर सांधेही सहज ओलांडले जातात. फार मोठं चाक मात्र नको. वळताना ते फळीला खालून घासतं आणि बोर्ड जागीच अडतो. दुकानात बोर्डावर उभं राहून एका बाजूला पूर्ण झुकून पाहिलं की हे लगेच कळतं. म्हणून पहिला बोर्ड शक्यतो प्रत्यक्ष पाहूनच घ्यावा. लोधीखेड्याहून नागपूर फार लांब नाही, कपडे-फटाक्यांच्या फेरीत हेही होतं.

दुसरी गोष्ट, आपली जुनी सवय. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचा, चपला एक नंबर मोठ्या घ्यायच्या. स्केटबोर्डला हा हिशेब लावू नका. मोठ्यांचा बोर्ड साधारण आठ इंच रुंद आणि एकतीस-बत्तीस इंच लांब असतो. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला सात इंचांच्या जवळपास रुंदी आणि अठ्ठावीस-एकोणतीस इंच लांबी पुरते. नऊ-दहाच्या पुढे साडेसात इंच चालतो. पाऊल आडवं ठेवल्यावर टाच आणि बोटं फळीच्या कडेपर्यंत यावीत. फळी फार रुंद असली तर ती झुकवायला मुलाचं वजनच पुरत नाही. दोन वर्षांनी बोर्ड लहान पडेल, हे खरं. तो धाकट्या भावंडाला जाईल.

फळीखाली आडवा धातूचा जोड असतो, त्याला ट्रक म्हणतात. खरा बोर्ड आणि खेळण्यातला बोर्ड इथे वेगळा कळतो. सातशे-आठशे रुपयांच्या बोर्डाला अनेकदा प्लास्टिकचे ट्रक असतात. ते वळत नाहीत आणि कधी मोडतील सांगता येत नाही. धातूचेच घ्या. ट्रकमध्ये रबरासारखे दोन गोल तुकडे असतात, ते दाबले गेले की बोर्ड वळतो. कारखान्यातून ते मोठ्यांच्या वजनाला कसून येतात. वीस किलोचं मूल कितीही झुकलं तरी ढिम्म. मधला मोठा नट अर्धा फेरा सैल केला की बोर्डात जीव येतो. हे काम मुलाला शेजारी बसवून करा. एक सूचना: हे नट इंचाच्या मापाचे असतात, घरातला तेरा-चौदाचा पाना त्यांवर नीट बसेलच असं नाही. स्केटबोर्डचा टीच्या आकाराचा पाना बोर्डासोबतच घेऊन टाका.

बेअरिंगबद्दल आपल्याकडच्या मोठ्यांना वेगळं सांगायला नको. गॅरेजमधून टाकाऊ बेअरिंग आणून, फळकुटाला ठोकून, खडखडत गाडी पळवलेली पिढी अजून पन्नाशी-साठीत आहे. त्याआधी तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी नंदी दोरीने ओढून झालेला असतो तो वेगळाच. स्केटबोर्डचं बेअरिंग बाहेरून २२ मिलिमीटर, आतून ८ आणि जाडी ७. हेच माप बहुतेक इनलाइन स्केट्सलाही चालतं. चाक बोटाने फिरवलं की ते गुपचूप बराच वेळ फिरत राहावं. खोक्यावर ‘अबेक ७’, ‘अबेक ९’ असे मोठे आकडे असतात, त्यांना भुलून जादा पैसे देऊ नका. नवशिक्या मुलाला वेग कमीच बरा. पावसात मात्र बोर्ड बाहेर काढायचा नाही. बेअरिंग गंजतात आणि मेपलचे सात पदर चिकटवून केलेली फळी ओलीने सुटू लागते.

दुकानदार कधीकधी दुसरंच काही पुढे करतो. दोनच चाकांचा, मधून पिळ घेणारा कॅस्टर बोर्ड किंवा बावीस इंचांचा प्लास्टिकचा छोटा बोर्ड. दोन्ही वाईट नाहीत, पण पहिल्या शिकण्याला पाय पसरून उभं राहता येईल अशी लांब लाकडी फळी हवी.

वयाचं काय? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांनी स्केटबोर्ड चालवूच नये, आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांजवळ खेळताना मोठं माणूस हवंच. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, तोल जातो आणि पडताना सावरायला उशीर होतो. मामाने घरातून खिडकीतून पाहणं यात धरू नका. पडताना हात आपोआप पुढे जातो, म्हणून मनगटाचे गार्ड गुडघ्याच्या पॅडइतकेच महत्त्वाचे. हेल्मेट स्कूटरचं नको, ते मुलाच्या मानेला जड होतं. ‘ईएन १०७८’ हे युरोपीय मानक सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट्स अशा तिन्हींसाठी आहे, तो शिक्का आत शोधा. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर यावं, पट्टा हनुवटीखाली नीट बसावा आणि मान हलवली तर हेल्मेट डोक्यावर फिरू नये.

पहिले दोन-तीन दिवस रस्त्यावर जाऊच नका. सतरंजीवर किंवा गवतावर बोर्ड ठेवून उभं राहणं, झुकणं, उतरणं एवढंच. डावा पाय पुढे की उजवा, हे मुलालाच ठरवू द्या, दोन्ही बरोबर आहेत. मग शाळेचं मैदान, मंगल कार्यालयाचं अंगण, बॅडमिंटनचं सिमेंटचं कोर्ट. उतार नाही, गाड्या नाहीत. खेळण्याआधी झाडू मारायचा, तो खेळणाऱ्यानेच.

गावात असलं काही चालतं का, असं कुणी म्हटलं तर आपल्याच राज्यातलं पन्ना जिल्ह्यातलं जनवार दाखवा. तिथे २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने शेतांच्या गावात स्केटपार्क उभा राहिला. नियम दोनच ठळक: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्ण मिळवलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी मोमिजी निशिया तेरा वर्षांची होती. पदकासाठी कुणी बोर्ड घेऊ नये, पण ‘मुलीला कशाला’ हा प्रश्न निदान या घरांत तरी पुन्हा नको.

कारण सुट्टीत वाड्यावर बोर्ड एक असतो आणि भावंडं पाच. थोरला आणि त्याचे मित्र तो पळवतात, चिमुरड्या दारात उभ्या राहतात. जनवारचा दुसरा नियम इथे जशाचा तसा लावा. वळण मोजून ठेवा, प्रत्येकीला दहा मिनिटं, आणि बोर्डही सगळ्यांत लहान खेळणाऱ्याच्या मापाचा असू द्या. मोठ्याला तो थोडा अपुरा वाटेल, पण चालवता येतो. उलट झालं तर धाकटीला तो कधी वळवताच येत नाही.

जुना बोर्ड मिळत असेल तर तोही घ्यायला हरकत नाही. फळीला चीर नाही ना, ट्रकचे आठही बोल्ट जागेवर आहेत ना आणि चाकं एका बाजूने झिजून तिरकी झालेली नाहीत ना, एवढं पाहा. झिजलेली चाकं बदलता येतात, चिरलेली फळी दुरुस्त होत नाही. वरचा खरखरीत कागद गुळगुळीत झाला असेल तर नवा चिकटवा. घरी कात्रीने आणि कानसीने अर्ध्या तासात होतं.